सगळे जपतात, मग रडू का येतं?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणारी ३१ वर्षांची आहे. भांडुपला वन बीएचकेमध्ये नवरा, सासू-सासरे आणि धाकटा दीर यांच्यासोबत राहते. फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते. सातवा महिना सुरू आहे. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं मिसकॅरेज झालं होतं. चौथ्या दिवशी ती कामावर गेली आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. या खेपेला घरचे तिला तळहाताच्या फोडासारखं जपताहेत. काय खायचं, कसं झोपायचं, टीव्हीवर काय बघायचं हे सासूबाई ठरवतात आणि ‘मन प्रसन्न ठेव, पोटातलं बाळ सगळं ऐकतं’ असं सारखं बजावतात. लोकलमध्ये एका अनोळखी बाईने न विचारता पोटावर हात फिरवून ‘मुलगाच आहे’ असं सांगून टाकलं. ऑफिसात मार्चअखेरीचं काम ‘तुझ्याच भल्यासाठी’ दुसऱ्याकडे दिलं. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. पेढा निघणार की बर्फी यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्तापासून पैजा लागल्या आहेत. तिला मात्र रात्री झोप लागत नाही आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन ती रडते. ती विचारते : ‘इतकं सगळं मिळत असताना मला आनंद का होत नाही? मी कृतघ्न आहे का? माझ्या अशा मनाचा बाळावर परिणाम झाला तर? आणि कुणाला न दुखावता पुरे कसं म्हणायचं?’

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अहोजाहो करत नाही.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. तू सगळ्यांची बाजू मांडली आहेस. सासूबाई मनाने वाईट नाहीत, गाडीतल्या बायका जागा देतात, साहेबांचा हेतू चांगला आहे, नवरा समजूतदार आहे. प्रत्येक तक्रारीच्या मागोमाग तू लगेच समोरच्याची बाजू सावरून घेतली आहेस. एवढ्या मोठ्या पत्रात तुझी स्वतःची बाजू एकाच वाक्यात आली : ‘कुणी मला माझ्याबद्दल विचारलं तर रडू फुटेल, म्हणून कुणी विचारूच नये असं वाटतं.’ ते वाक्य वाचून मी थांबले.

आधी कृतघ्नपणाचं बघू. तुझ्या मनातला हिशेब असा दिसतो की माणसं प्रेम करताहेत, म्हणजे त्रास व्हायचं कारणच नाही. तरी त्रास होतोय, म्हणजे खोट आपल्यातच असणार. यातली पहिलीच पायरी मला मान्य नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीचाही जाच होतो. तू वर्णन केलेली एक सकाळच घेऊ. उठल्यावर तुला चहा हवा होता. चहा उष्ण, म्हणून केशर घातलेलं दूध पुढ्यात आलं. वासाने मळमळत होतं, पण ‘बाळ गोरं होईल’ म्हणून संपवावं लागलं. पोहे अर्धे राहिले, तर ‘दोन जिवांची आहेस’ म्हणत आणखी एक डाव वाढला गेला. तुला बातम्या ऐकायच्या होत्या, मोबाइलवर गर्भसंस्काराचे मंत्र लागले होते. निघताना सासऱ्यांनी सांगितलं, आज अमावस्या आहे, लवकर ये. घराबाहेर पाऊल पडेपर्यंत तुझ्या जिभेचा, कानांचा आणि वेळेचा निर्णय तुला वगळून झाला होता. त्यात एकदाही कुणी आवाज चढवला नाही, म्हणून तर तुला तक्रार करायला जागा सापडत नाही.

तोंडी उत्तरं द्यायला लागतात म्हणून यातलं थोडं स्पष्टच सांगते. केशराने बाळाचा रंग बदलत नाही. रंग आई-वडिलांकडून येतो, आणि गोरं बाळ म्हणजे चांगलं बाळ ही कल्पनाही आता सोडलेली बरी. चौथ्या महिन्यापासून पुढे गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात असं आपल्याकडचं आहारशास्त्र सांगतं. म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर डाळ, दुसरं अख्खं ताट नव्हे. दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, आणि घरच्या दोन कप चहात त्याहून बरंच कमी असतं. फक्त जेवणाला किंवा लोहाच्या गोळीला लागून चहा घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. तुला साखरेचा किंवा दुसरा काही त्रास असेल तर अर्थात तुझ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आता तुझ्या खऱ्या भीतीकडे येते. ‘माझ्या अशा मनाचा बाळावर परिणाम झाला तर?’

गर्भसंस्कारांचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट हमखास सांगतात. आईच्या पोटात त्याने चक्रव्यूहात शिरायची विद्या ऐकली, पण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडायचं शिकायचं राहून गेलं. ही गोष्ट आपण लहानपणापासून मुलाच्या बाजूने ऐकत आलो. एकदा सुभद्रेच्या बाजूने ऐकून बघ. पोटुशी बाई, रात्रीची वेळ, कानावर युद्धातले डावपेच. तिचा डोळा लागला. त्या डुलकीचा दोष पिढ्यान्‌पिढ्या तिच्या माथी बसला आहे. एकट्या पोराला घेरून मारणाऱ्या महारथींचं नाव नंतर येतं. आजही बाळाच्या बाबतीत थोडं इकडचं तिकडे झालं की पहिला प्रश्न आईलाच असतो : काय खाल्लंस, काय उचललंस, कुठे गेली होतीस, कसला विचार करत होतीस? सुभद्रा दमली होती का, हे गोष्ट सांगणारा कुणीच विचारत नाही.

तेव्हा हे नीट ऐक. रडल्याने, चिडल्याने, एखादी रात्र तळमळत काढल्याने पोटातल्या बाळाला इजा होत नाही. नऊ महिने सलग प्रसन्न राहिलेली आई मला तरी माहीत नाही. आठवडेच्या आठवडे टिकणारं नैराश्य किंवा तीव्र चिंता ही गोष्ट वेगळी. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचं कमी वजन यांचा धोका काहीसा वाढतो असं आढळलं आहे. अशा काळात बाई धड जेवत नाही, झोपत नाही, तपासण्या टाळते, तेही त्यात आलंच. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. हसरा चेहरा हा त्यावरचा उपाय नाही.

‘आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल’ हे वाक्य मला म्हणूनच फार घातक वाटतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय. ऐकणारी मात्र त्या क्षणापासून आपलं दुःख लपवायला लागते, कारण दुःख दिसलं की ती गुन्हेगार ठरते. ज्या बाईला मदतीची गरज आहे तीच मदत मागायची थांबते. तू बाथरूममध्ये जाऊन रडतेस, ती या वाक्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात गरोदर बायकांपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के बायकांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, भोगावं लागतं. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ आणि १९.८ टक्के आहे. तुझ्यासारख्या असंख्य जणी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना घरी रोज हेच वाक्य ऐकवलं जातं.

आता जे तू पत्रात अगदी थोडक्यात उरकलंस तिथे जाते. माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी तिसरा महिना पुरा व्हायच्या आत तुझं मूल गेलं. तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत. पद्धतीमागे काळजी असेल, पण तिचा परिणाम असा होतो की आनंदाची बातमी कुणाला माहीत नसते, म्हणून दुःखाचीही कळत नाही. भेटायला कुणी येत नाही, पाठीवरून हात फिरवायला कुणी नसतं. ‘अजून वय आहे, होईल पुन्हा’ म्हणून घरच्यांनी विषय मिटवला. चौथ्या दिवशी तू गाडी पकडून फोर्टला गेलीस. गर्भपात झाल्यावर लगेचच्या ६ आठवड्यांची पगारी रजा घेण्याचा बाईला कायद्याने हक्क आहे, फक्त डॉक्टरांचा दाखला लागतो, हे तुला कुणी सांगितलं नाही. तुझ्यासाठी उशीर झाला. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येवो. आणि हेही तुला बहुधा कुणी सांगितलं नसेल : लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० अशाच सुटतात, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. बादली उचलल्याने, जिना चढल्याने, गाडीत उभं राहिल्याने ते मूल गेलं नाही. तू काहीही चुकली नव्हतीस.

त्यानंतर वर्षभराने काय झालं ते तू शेवटच्या पानावर, जवळजवळ जाता जाता लिहिलं आहेस. चुलत नणंदेच्या डोहाळजेवणाला तुला स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसवलं. बाहेर एकेक सवाष्ण ओटी भरत होती, गाणी चालली होती. तुला हाक आली नाही. कुणी काही बोललं नाही, तूही विचारलं नाहीस. पुऱ्या संपेपर्यंत लाटत राहिलीस.

आता त्याच बायका तुझ्या पुढेमागे करताहेत. त्याच आत्याबाई डिंकाचे लाडू पाठवताहेत. मैत्रिणी, तुला या लाडाने आनंद होत नाही याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही. हा मान पोटाला आहे, पोट रिकामं झालं की तो काढून घेतला जातो, हे तू अनुभवाने शिकली आहेस. म्हणून तुझं मन तो मान घ्यायला तयार होत नाही. त्याला कृतघ्नपणा म्हणू नकोस. तू विसरली नाहीस, एवढंच. आणि वर ‘मागच्यासारखं व्हायला नको’ हे वाक्य घरात येताजाता पडतं, तेव्हा ती भीती रोज नव्याने जागी होते. एक मूल गमावलेली बाई दुसऱ्या वेळी आनंद हातचा राखून ठेवते. बाळ आलं की उमलेल, नाहीतर हळूहळू उमलेल. त्याची घाई तुला कुणी करू नये.

पण एक गोष्ट मला पत्रावरून ठरवता येणार नाही, ती डॉक्टरांनी बघायला हवी. गेले दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय का? आधी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्यात का? बाळाच्या हालचालींनी जाग येते ते वेगळं. रात्री सगळं शांत असतानाही डोळा लागत नाही, असं होतंय का? आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटतं का? यातलं बरंचसं ‘हो’ असेल तर तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी माग. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पुन्हा बघून घ्यायला सांग. दोन्हींच्या बिघाडाने थकवा आणि उदासी येते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. खासगीत जाणं परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत प्रसूती विभाग आणि मानसोपचार विभाग दोन्ही आहेत. घरात बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गरोदरपणात चालतील अशी औषधं असतात. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आधीपासून काही गोळ्या चालू असतील तर कुणाच्या सांगण्यावरून त्या परस्पर बंद करू नकोस. आणि जगण्यात अर्थ नाही, स्वतःला काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी आला, तर त्याच दिवशी सांगायचं, तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

आता ‘पुरे’ कसं म्हणायचं.

सुरुवात नवऱ्यापासून. तो समजूतदार आहे असं तू लिहिलंस, आणि खाली लिहिलंस की तो म्हणतो, ‘आई आहे ती, तू मनावर घेऊ नकोस.’ हे वाक्य मला समजूतदारपणाचं वाटत नाही. त्यात तो आईला काही सांगत नाही आणि तुला गप्प बसवतो. आईशी बोलायचं काम त्याचं आहे. सूनबाई बोलली की ‘आताच्या मुलींना काही सांगायची सोय नाही’ होतं. तेच मुलगा म्हणाला तर गोष्ट पाच मिनिटांत मिटते. ‘आई, सकाळी ती चहाच घेईल, डॉक्टरांना विचारलंय’ इतकं साधं त्याने म्हणायचं आहे. पण त्याआधी तुम्ही दोघांनी त्या पहिल्या मुलाबद्दल एकदा बोला. जेवण झाल्यावर खाली फेरी मारायला जा, वन बीएचकेत ते बोलणं होणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचंही काहीतरी गेलं होतं, आणि त्यालाही कुणी विचारलं नसणार.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा. चहा, झोपायची कूस, पपई, ग्रहणात सुरी हातात घ्यायची की नाही, सगळे प्रश्न त्यांना स्वतः डॉक्टरांना विचारू देत. सुनेकडून आलेलं उत्तर आणि डॉक्टरांकडून आलेलं उत्तर यांत घरात किती फरक पडतो हे तुला ठाऊक आहे. आणि एखाद्या दुपारी, त्या निवांत असताना, त्यांना विचार : ‘आई, तुमच्या वेळी कसं होतं? तुम्हाला काय खावंसं वाटायचं, कुणी आणून द्यायचं का?’ मी त्यांना ओळखत नाही. पण त्या पिढीच्या बायका बोलायला लागल्या की बहुधा कळतं, त्यांनाही कुणी हे विचारलेलं नसतं. डोहाळे पुरवायचे म्हणजे तिला काय हवंय ते आधी विचारायचं, ही आपलीच जुनी रीत आहे. जिजाऊंना कसले डोहाळे लागले होते हे कीर्तनांत, पोवाड्यांत अजून रंगवून सांगतात. घरातल्या गरोदर सुनेला मात्र विचारायच्या आधीच सगळं ताटात येतं. सासूबाईंना तू ती रीतच आठवून दे, त्या ऐकतील असं मला वाटतं.

हा सल्ला तुझ्या घरापुरता आहे, हे दुसऱ्या वाचक मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. जिथे मुलगाच हवा म्हणून छळ होतो, जेवणाखाण्याचे हाल होतात, हात उगारला जातो, तिथे सासूशी गोड बोलून बघण्यात वेळ घालवू नका. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा आणि माहेरच्या किंवा विश्वासाच्या एका तरी माणसाला आजच सांगून ठेवा.

लोकलबद्दल. लेडीज डब्यातल्या बायकांविषयी माझ्या मनात खूप आदर आहे. पाय ठेवायला जागा नसताना त्या गरोदर बाईसाठी जागा करतात, तिची बॅग मांडीवर घेतात. पण जागा दिली म्हणून पोटावर हात ठेवायचा हक्क मिळत नाही, आणि कितवा महिना, पहिलंच का, सिझेरियन सांगितलंय का, या प्रश्नांची उत्तरं देणं हे त्या जागेचं भाडं नाही. ‘ताई, हात नका लावू, मला त्रास होतो.’ एवढंच म्हण. माफी मागू नकोस, कारण सांगू नकोस. बोलायचं नसेल तर बसल्याबरोबर डोळे मिट. रोज त्याच गाडीला असाल तर ग्रुपमधल्या एका जवळच्या मैत्रिणीला सांगून ठेव, ती बाकीच्यांना आवरेल. पहिल्या तीन महिन्यांत असलेल्या जणींची अडचण उलटी असते. मळमळ आणि चक्कर तेव्हाच जास्त, आणि पोट दिसत नसल्यामुळे कुणी उठत नाही. त्यांनी तीन महिने न सांगण्याची पद्धत डब्याबाहेर ठेवावी आणि मोठ्याने सांगावं, ‘मला दिवस गेलेत, बसायला द्या.’

ऑफिसचं थोडं सावधपणे घे. तोंडी बोलण्यापेक्षा साहेबांना एक मेल लिही : कामाचं वाटप बदललं आहे, मी तशी विनंती केलेली नव्हती, डॉक्टरांनी मला या कामाला मनाई केलेली नाही, रजेवर जाईपर्यंत मी ते करू शकते. चार ओळी पुरेत, सूर गोड ठेव. उद्या अप्रेझलमध्ये ‘या वर्षी तिच्याकडे मोठं काम नव्हतं’ असं निघालं तर तो मेल तुझ्या बाजूने बोलेल. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. या रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती आहे का, हे रजेवर जायच्या आधीच विचारून ठेव. ‘तुझ्याच भल्यासाठी’ काम काढून घेणाऱ्याने आधी तुला विचारायला हवं होतं, हे मला घरच्या दुधाच्या पेल्याइतकंच खटकलं.

आणि डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणी यांत तुझं मन रमत असेल तर जरूर कर. नको असेल तर घरच्या घरी चार माणसांत कर. पेढा-बर्फीबद्दल मात्र मी ठाम आहे. दोन झाकलेल्या वाट्या, तू एक उचलणार, सगळ्यांचे मोबाइल तुझ्यावर रोखलेले. पेढा निघाला की टाळ्या. बर्फी निघाली की क्षणभर कुणी काही बोलत नाही, मग कुणीतरी सावरून घेतं, ‘असू दे, पहिली बेटी धनाची पेटी.’ तो क्षण खेळ म्हणून सोडून देता येत नाही. ज्या बाईच्या पोटात मुलगी असेल ती तो घरी घेऊन जाते. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, आजही प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ अशी पाटी लावावी लागते. ज्या समाजाला अशी पाटी लावावी लागते तिथे हा खेळ निरागस राहत नाही. मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं आणि गर्भ राहतो त्या क्षणीच ठरून गेलेलं असतं. ग्रुपवर नवऱ्यानेच लिहावं, ‘हा खेळ आम्ही ठेवलेला नाही.’ बास.

ओटी भरायला मात्र सगळ्यांना बोलाव. मूल नसलेली शेजारीण, नवरा गेलेली मावशी, ऑफिसातली अविवाहित मैत्रीण. प्रत्येकीला नावाने हाक मार. स्वयंपाकघरात कुणी राहिलंय का, ते एकदा स्वतः जाऊन बघ.

बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी जाणार असं लिहिलं आहेस. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव : तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला विनाकारण रडू येईल, ते बहुतेक जणींना येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, किंवा बाळाकडे बघवेनासं झालं, तर अळीव आणि शेक-शेगडी पुरणार नाही, मला डॉक्टरकडे ने. भेटायला येणारे सगळे पाळण्याकडे जातील. तुझ्या खाटेजवळ आधी कोण बसणार हे एका बहिणीला किंवा मैत्रिणीला नेमून दे. सहा आठवड्यांनी तपासणीला जाशील तेव्हा टाक्यांबरोबर मनाचंही विचारून घे.

पण ते पुढचं. या आठवड्यात एकच कर. डॉक्टरांची वेळ घे आणि आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांग की मला माझ्या मनाबद्दल बोलायचं आहे. वजन, बीपी, सोनोग्राफी सगळं नंतर. शेवटी सांगू म्हणशील, तर बाहेरची रांग बघून तू काहीच न बोलता उठशील.